फागीची साक्ष

चंदना अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होती, तेव्हा दाभोशात दिलेल्या तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, सखाचा फोन आला. बहिणीला, फागीला, खोकल्यातून रक्त पडलं होतं. थोडंथोडकं नाही, पदराचं टोक भिजेल एवढं. सखाने रस्त्यावरची जीप थांबवून तिला जव्हारच्या सरकारी दवाखान्यात आणलं होतं आणि आता तो तिथल्या पायरीवर बसून बोलत होता. "तू ये," असं तो दोनदा म्हणाला आणि फोन ठेवला.

चंदनाने डाव मदतनीस बाईच्या हातात दिला, वरच्या बाईंना फोन करून कळवलं आणि ती पोशेऱ्याच्या फाट्यावर येऊन उभी राहिली. एप्रिल महिना होता. मोहाची फुलं वेचून संपत आली होती, बाया टोपल्या घेऊन उन्हातून परतत होत्या आणि तिला ओळखून हात करत होत्या. जीप यायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. फागीने डिसेंबरात टीबीच्या गोळ्या बंद केल्या होत्या, आणि ते सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं चंदनानेच.

आई लवकर गेली, तेव्हा चंदना सहा वर्षांची होती. फागी बारा-तेराची. फागी स्वतः कधी शाळेत गेली नाही, पण चंदनाला तिने आश्रमशाळेत घातलं, सुट्टीत घरी आली की स्वतःच्या वाटची भाकरी तिच्या ताटात टाकली, आणि बारावी होईपर्यंत तिच्या लग्नाचा विषय कोणाला काढू दिला नाही. पुढे फागी दाभोशात दिली गेली, चंदना पोशेऱ्यात. चंदना अंगणवाडी सेविका झाली. बारा वर्षांपूर्वी दोघी बहिणी एकाच उन्हाळ्यात येशूच्या मार्गाला लागल्या. जव्हार आणि मोखाड्यातल्या दहा-बारा गावांतली सत्तरेक माणसं मिळून एक छोटी मंडळी झाली होती. दर रविवारी ती जव्हारबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जमत.

मंडळीचा मोबाईलवर ग्रुप होता. त्यावर चंदना रोज सकाळी तीन मिनिटांचं मनन बोलून पाठवायची. ते काम तिला कोणी दिलं नव्हतं. एकदा सहज पाठवलं, लोकांना आवडलं, मग सवय झाली. विहिरीचा तळ दिसला तरी बाई पोहरा सोडतेच, जीप भरली म्हणून मागे राहिलेली म्हातारी शेवटी कशी घरी पोचली, नाचणीच्या रोपाला पहिले चार दिवस माना टाकलेल्या असतात, अशा रोजच्या गोष्टींतून ती श्रद्धेकडे यायची. आवाज मऊ होता. बाया चूल पेटवताना ऐकायच्या, सुरतेला आणि भिवंडीला कामाला गेलेली माणसं ऐकायची. "तुझं मनन ऐकलं नाय तर दिवस कोरडा जातो," असं लोक म्हणायचे, आणि चंदनाला ते फार आवडायचं.

दवाखान्यात फागीला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. तरुण डॉक्टर बाईने सखाला आणि चंदनाला बाहेर बोलावून उपचाराचं कार्ड उघडलं. सप्टेंबरच्या शेवटी सुरू केलेल्या गोळ्या, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच्या खुणा, पुढे कोरी घरं. तिने विचारलं, का थांबवल्या? सखाने चंदनाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. चंदना म्हणाली, तिला बरं वाटायला लागलं होतं. डॉक्टरने तिच्या अंगणवाडीच्या साडीकडे नजर टाकली आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही स्वतः बायकांना गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायला सांगत असाल ना?"

डॉक्टर पुढे म्हणाली की बेडका तपासायला दिलाय, पण बहुतेक जंतू आता जुन्या औषधांना दाद देणार नाहीत. नवी औषधं जास्त कडक असतील, कोर्स लांबेल, आणि एका बाजूच्या फुप्फुसाचं जे नुकसान झालंय ते भरून यायचं नाही.

काय झालं होतं, ते असं. डिसेंबरात जव्हारला तीन दिवसांची मोठी प्रार्थनासभा झाली होती. बाहेरून एक वक्ता आला होता. तो हिंदीत बोलायचा आणि मंडळीचा पाळक सुदर्शन शेजारी उभा राहून वाक्यावाक्याचं मराठी करायचा. दुसऱ्या दिवशी वक्त्याने आजारी माणसांना पुढे बोलावलं. फागी जात नव्हती, चंदनाने तिला हाताला धरून नेलं. तोपर्यंत अडीच महिन्यांच्या गोळ्यांनी फागीचा ताप गेला होता, अंगावर थोडं मांसही आलं होतं. वक्त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माईकवर विचारलं, विश्वास आहे ना? मग आता गोळ्यांची काय गरज? फेकून दे. फागीने मान हलवली. मांडवभर टाळ्या झाल्या आणि कोणीतरी त्याचं चित्रण केलं.

दहा दिवसांनी चंदनाने त्यावर मनन केलं. तिने म्हटलं, माझ्या बहिणीने गोळ्या फेकल्या आणि तिचा आजार गेला. आपण एक हात प्रभूच्या हातात देतो आणि दुसऱ्या हाताने काहीतरी घट्ट धरून ठेवतो. तुमच्या दुसऱ्या हातात काय आहे? हे शेवटचं वाक्य तिला स्वतःलाच इतकं आवडलं होतं की तिने ते दोनदा म्हटलं. तिचं दुसरं कुठलंच मनन एवढं पसरलं नव्हतं. नाशकाहून, वाड्याहून अनोळखी माणसांचे फोन आले.

दवाखान्याच्या आवारात पिंपळाखाली उभी राहून तिने त्या वक्त्याचा नंबर लावला. तीनदा लावल्यावर त्याच्या माणसाने उचलला. चंदनाने सगळं सांगितलं आणि विनंती केली की फागीचं ते चित्रण काढून टाका, लोक अजून बघतायत. तो माणूस थांबा म्हणाला. मागे कुजबुज ऐकू आली. मग तो परत आला. "बहनजी, पास्टरजी कह रहे हैं, घर में किसी ने शक किया होगा. हम प्रार्थना करेंगे."

चंदना म्हणाली, शंका घरात कोणाला नव्हती, म्हणून तर ही वेळ आली. पण तोवर फोन बंद झाला होता. परत लावला तर लागेना.

तशीच चालत ती सुदर्शनच्या दुकानात गेली. सुदर्शन पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करून द्यायचा. तांब्याच्या तारेचं वेटोळं मांडीवर घेऊन तो बसला होता. माणूस वाईट नव्हता. मंडळीतली बाई अडली की मोटारसायकल काढून दवाखान्यात नेणारा, कोणाच्या घरी मयत झाली तर खड्डा खणायला पहिला उतरणारा. फागीचं ऐकून त्याचा चेहरा पडला. त्याने तार बाजूला ठेवली, डोळे मिटले आणि तिथेच प्रार्थना सुरू केली. चंदनाने त्याला मध्येच थांबवलं. असं ती आयुष्यात पहिल्यांदा करत होती.

ती म्हणाली, रविवारी आपण सगळ्यांना सांगू या की जे झालं ते चूक होतं. सुदर्शनने तार पुन्हा मांडीवर घेतली. मग समजुतीच्या सुरात त्याने सांगितलं की ताई, आपण सत्तर माणसं. गेल्या वर्षी एका गावात आपल्या दोन घरांना विहिरीवर येऊ देत नव्हते, ते मिटवायला किती महिने गेले तुम्हाला ठाऊक आहे. लोक टपून बसलेत. आपणच आपल्या तोंडाने बोललो तर उद्या प्रत्येक गावात म्हणतील, बघा, हे माणसं मारतात. बहीण बरी होऊ दे, मग बघू. तोवर ग्रुपवर काही टाकू नका.

"आणि तोवर दुसऱ्या कोणी गोळ्या टाकल्या तर?"

"तसं कोणी करणार नाही."

"फागीने केलं. फेकून दे म्हणाला तो, ते हिंदीत. फागीला हिंदी कळत नाय, भाऊ. तिला जे कळलं ते तुमच्या तोंडून कळलं."

सुदर्शनचा चेहरा काळवंडला. तो म्हणाला, मी फक्त भाषांतर करत होतो. चंदनाला वाटलं, समोरची मोटार उचलून रस्त्यावर भिरकवावी. ती काही न बोलता बाहेर पडली. बाजारातून चालताना ओळखीची माणसं भेटत होती, तिच्या चेहऱ्याकडे बघून बाजूला होत होती.

तिचा बहुतेक राग तेव्हा त्या दोघांवर होता. उरलेला थोडा स्वतःवर होता, पण तो तिला पेलण्याजोगा वाटत होता. आपण चुकलो, पण श्रद्धेपोटी चुकलो. फागीच्या पाया पडू, ती जवळ घेईल. तिने लहानपणापासून आपली कोणतीही चूक पोटात घातली आहे. असं मनाशी धरून ती दुसऱ्या दिवशी तोंडाला मास्क बांधून फागीच्या खोलीत गेली.

फागी खाटेवर उशाला टेकून बसली होती. गळ्याची हाडं वर आली होती. चंदना खाली बसली, तिच्या पायांवर हात ठेवले आणि रडत बोलू लागली. वक्ता कसा बोलला, सुदर्शन कसा बोलला, सगळं. फागीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांचं राहू दे. तुझं सांग."

चंदनाला कळलं नाही.

"त्या सभेतून आले ना मी, तर गोळ्या नाय टाकल्या," फागी म्हणाली. तिला दम लागत होता, ती दर दोन शब्दांनी थांबत होती. "भाताच्या कणगीत लपवल्या. रोज सकाळी सखा काढून द्यायचा. त्या मांडवात मान हलवली, कारण एवढी माणसं बघत होती. घरी येऊन म्हटलं, देव पण बरा करील आणि गोळी पण करील, भांडण काय आहे त्यांचं? दहा दिवस घेतल्या. मग तुझं ते मनन आलं."

खोलीत पंखा कुरकुरत होता. फागी सांगत राहिली. मनन आलं त्या सकाळी शेजारची पोशी आपल्या आजारी भावाला घेऊन आली, म्हणाली, याच्या डोक्यावर हात ठेव. दुपारपर्यंत आठ-दहा बाया आल्या. सगळ्या म्हणत होत्या, केवढा तुझा विश्वास. आरोग्य केंद्राची आशाताई गोळ्या घेऊन आली, तेव्हा अंगणात तीन बाया बसलेल्या होत्या. फागीने त्यांच्यासमोर आशाताईला परत पाठवलं. कणगीतल्या गोळ्या संध्याकाळी चुलीत टाकल्या.

"घेतल्या असत्या तर तू खोटी पडली असतीस," ती म्हणाली. "सगळ्या तालुक्यात माझी बहीण खोटी पडली असती. म्हणून टाकल्या. तू माझी साक्ष दिलीस, चंदी. मला विचारलंस का?"

चंदनाने विचारलं नव्हतं. पोशेऱ्याहून दाभोशाला फोन लागत होता, जीप जात होती. तिला विचारायचं सुचलंही नव्हतं, कारण गोष्ट तिच्या मनात आधीच पूर्ण झाली होती आणि फार सुंदर झाली होती.

"बाय, माफ कर मला," ती म्हणाली.

फागीने पाय मागे ओढून घेतले. "आता नको मागू. तू मागशील, मी दिली म्हणेन, आणि उद्या सकाळी तू तेच बोलून पाठवशील. माझ्या बहिणीने मला कशी क्षमा केली म्हणून."

एवढं बोलून तिला खोकल्याची उबळ आली. नर्स धावत आली आणि चंदनाला बाहेर जायला सांगितलं. बाहेर बाकावर सखा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. काल त्याने मान का खाली घातली, ते चंदनाला आत्ता समजलं.

घरी आल्यावर ती तीन दिवस कोणाशी धड बोलली नाही. सकाळचं मनन पाठवलं नाही. ग्रुपवर लोक विचारत राहिले, ताई बरी आहे ना. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर वारा पडला म्हणून तिचा नवरा विनोद भाताच्या रोपांसाठी राब भाजायला निघाला, तीही मागोमाग गेली. शेताच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा आणि छाटलेल्या फांद्यांचा टाहाळ पसरून महिनाभर वाळवलेलं होतं. विनोदने वरच्या कडेला काडी लावली. जाळ हळूहळू खाली सरकू लागला. दोघं हातात ओल्या फांद्या घेऊन दोन बाजूंना उभे राहिले.

तिथे, धुरात, चंदना देवाशी बोलायला लागली. नेहमीच्या मऊ आवाजात नाही. आधी पुटपुटत, मग मोठ्याने. तिने विचारलं की मी खोटं बोलत होते तेव्हा तू कुठे होतास? बारा वर्षं रोज सकाळी तुझं नाव घेतलं, एका सकाळी माझी जीभ धरवली नाही तुला? सत्तर माणसांत एकाच्याही मनात घातलं नाहीस की हिला विचार, हे खरं आहे का? फागीने काय वाकडं केलं होतं तुझं? मला खोकला द्यायचास. मी तुला हवी तशी गोड बोलत होते म्हणून गप्प बसलास का? की तूही टाळ्या वाजवत होतास?

तिचा आवाज चिरकला. पलीकडच्या शेतातली माणसं बघायला लागली. विनोद मंडळीत कधी फारसा येत नसे. भिवंडीच्या गोदामात आठ वर्षं काढून तो परत आला होता आणि देवाच्या बाबतीत त्याचं म्हणणं होतं की ज्याने त्याने आपलं बघावं. तो तिच्या बाजूला आला आणि म्हणाला, "ओरडायचं तर ओरड त्याच्यावर. त्याला सवय असेल. फक्त जाळ बांधाकडे जाऊ देऊ नको."

ती ओरडली. मग फांदीने बांधाकडचा जाळ झोडपत राहिली, हात भरून येईपर्यंत. आकाशातून काही उत्तर आलं नाही. पण बऱ्याच वर्षांत ती पहिल्यांदा प्रार्थनेत असं काही बोलली होती जे दुसऱ्या कोणाला ऐकवायचं नव्हतं, हे तिला घरी परतताना जाणवलं. त्याने तिला बरं वाटलं असं नाही. उलट, आपण इतकी वर्षं कोणाशी बोलत होतो, देवाशी की ग्रुपशी, हा विचार येऊन तिला स्वतःचाच संताप आला.

शनिवारी ती पुन्हा दवाखान्यात गेली. दारातच उभी राहिली, पायांना हात लावायला गेली नाही. तिने सरळ विचारलं, "उद्या मंडळीत मी खरं काय झालं ते सांगू का? तू नको म्हटलंस तर नाय सांगणार."

फागी म्हणाली, "सांग. पण 'एक बहीण' म्हणू नको, माझं नाव घे. कणगीचं पण सांग. आणि मी तुला माफ केलं असं सांगू नको. मी केलेलं नाय."

रविवारी शेड भरलेली होती. गाणी झाली, मग मननाची वेळ आली. सुदर्शनने तिच्याकडे बघून हळूच मान हलवली, नको, अशी. चंदना पुढे जाऊन उभी राहिली. तिने माईक घेतला नाही.

ती म्हणाली, "डिसेंबरात मी तुम्हाला सांगितलं की फागीने गोळ्या फेकल्या आणि ती बरी झाली. ते खोटं होतं. फागी गोळ्या घेत होती, म्हणून बरी होत होती. मी तिला न विचारता बोलले. माझं बोलणं खरं ठरावं म्हणून तिने मग गोळ्या चुलीत टाकल्या. आज ती दवाखान्यात आहे, तिचं एक फुप्फुस गेल्यात जमा आहे. हे मी केलं."

शेडमध्ये पत्रा तडतडत होता. सुदर्शन उठला, ढोलकीवाल्याकडे बघून त्याने गाणं सुरू केलं. दोन-चार जणांनी आवाज मिळवला. तेव्हा बायकांच्या बाजूने साखरशेतची रुपी उभी राहिली. साठीची बाई, मंडळीत कधी तोंड न उघडणारी. ती म्हणाली, "गाणं मागून म्हणू. तिला बोलू दे." ढोलकी थांबली.

चंदनाने सगळं सांगितलं. मांडवातलं, कणगीतलं, फोनवरचं. ती रडली नाही. राग इतका होता की रडायला जागाच नव्हती. "ज्याने फेकून दे म्हटलं तो आज इथे नाय," ती म्हणाली. "तो उद्या दुसऱ्या गावात असेल. आजार आपल्या घरात राहतो. माझं ऐकून कोणी कुठलंही औषध सोडलं असेल, तर आज सुरू करा. एकट्याने दवाखान्यात जायची लाज वाटत असेल तर मी बरोबर येते. आणि फागीने मला माफ केलेलं नाय. तिने तसं सांगायला सांगितलंय."

ती खाली बसली. आधी दाभोशातल्या एका मोठ्या घरची माणसं उठून गेली, मग आणखी दोन घरं. सुदर्शनने त्या दिवशी प्रवचन केलं नाही. नुसती शेवटची प्रार्थना म्हटली, आणि बाहेर पडताना चंदनाला सर्वांसमोर म्हणाला की ताई, तुम्ही बारा वर्षांचं काम एका सकाळी मोडलंत. संध्याकाळपर्यंत तिला ग्रुपमधून काढलेलं होतं.

पण चपला घालताना रुपी तिच्याजवळ आली. तिच्या नातीला फिट यायच्या. डॉक्टरने रोजचं औषध दिलं होतं. ते डिसेंबरपासून बंद होतं. मार्चमध्ये पोरगी चुलीजवळ पडली होती, हात भाजला होता, आणि रुपीने ते कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं तर विश्वास कमी पडला असं होईल म्हणून. सोमवारी ती रजा टाकून रुपीला आणि नातीला घेऊन आरोग्य केंद्रात गेली. बुधवारी साखरेच्या आजाराच्या गोळ्या सोडलेला मोखाड्याचा एक माणूस आला, त्याच्याबरोबर गेली. असे एकूण चार निघाले. प्रत्येक वेळी रांगेत उभी राहिली की तिला तिचंच ते शेवटचं वाक्य आठवायचं, दोनदा म्हटलेलं, आणि दात आवळले जायचे.

तपासणीत डॉक्टरचा अंदाज खरा निघाला. फागीची नवी औषधं सुरू झाली. त्यांनी तिला मळमळायचं, पाय बधिर व्हायचे. पण तीन आठवड्यांनी ताप उतरला आणि तिला घरी सोडलं. चंदना दर रविवारी मंडळीत न जाता दाभोशाला जाऊ लागली. फागी तिला ये म्हणत नसे आणि जा म्हणत नसे. पाणी आण, म्हणायची. कोंबड्या बघ, म्हणायची. चंदना करायची.

मे संपताना एका रविवारी सभा आटोपून सुदर्शन मोटारसायकलवरून तिथे आला. ओटीवर बसला. पाणी प्यायला. बराच वेळ सखाशी नाचणीच्या बियाण्याबद्दल बोलला. मग फागीकडे वळून म्हणाला की ते शब्द माझ्या तोंडून निघाले, मला रोज आठवतात. फागी म्हणाली, निघाले ना, मग त्याच तोंडाने सगळ्यांना सांगा. पुढच्या रविवारी त्याने सांगितलं. रुपीने चंदनाला कळवलं की तो बोलला, पण 'थोडा गैरसमज झाला' असं बोलला. चंदना परत भडकली. गैरसमज हा शब्द तिला त्या वक्त्याच्या उत्तराहून जास्त झोंबला. तरी एक गोष्ट खरी की त्या दिवशी सुदर्शनने शेडच्या दारावर आरोग्य केंद्राच्या तपासणीचे वार लिहून लावले. वक्त्याचं चित्रण मात्र अजूनही फोनवर फिरतंय. त्यात फागी मान हलवते आणि लोक टाळ्या वाजवतात.

जूनमध्ये एका सकाळी चंदना पोचली तेव्हा फागी पडवीत बसली होती. रात्रभर पाय दुखले होते. चंदनाने तेल कोमट केलं आणि तिचे पाय चोळायला घेतले. या वेळी फागीने ते मागे ओढले नाहीत. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "प्रार्थना कर."

चंदनाचे हात थांबले. ती म्हणाली, मला आता येत नाही.

"तुझं ते गोड नको. जे मागायचं ते माग आणि संपव."

चंदनाने डोळे मिटले. म्हणाली, "प्रभू, हिचे पाय दुखतात, ते थांबव. औषध पोटात राहू दे. हिला जगव. मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे."

तिला पुढे सुचेना. आमेन म्हणायच्या आत फागीने तिचा हात धरून थांबवलं आणि स्वतः बोलू लागली. "आणि त्या माईकवाल्याला झोप लागू देऊ नको," ती म्हणाली. "माझ्यासारखा खोकला नको देऊ त्याला, पण झोप देऊ नको. तो इथे येऊन माझ्यासमोर बसेपर्यंत."

अशा प्रार्थनेला आमेन म्हणावं की नाही, चंदनाला कळेना. बारा वर्षांत तिने कोणाला असं मागायला शिकवलं नव्हतं. फागी डोळे मिटून वाट बघत होती.

"आमेन," चंदना म्हणाली, आणि पुन्हा पाय चोळायला लागली.